देवीने दिलेला पहिला नंबर

पेडणे तालुक्यात भार्गव-दिनकर यांच्या चित्रपटांवर माझ्याएवढा अधिकारी माणूस सापडणार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. हात ठेवावाच लागतो. ते चित्रपट नुसते आठवले तरी छातीत धडधडायला लागतं.

ज्यांना ही जोडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भार्गव आणि दिनकर दोघं मिळून दिग्दर्शन करायचे. प्रेक्षकाच्या पोटात भीती घालायची हे भार्गवचं काम, आणि घातलेली भीती त्याच्या घरापर्यंत पोचवायची हे दिनकरचं. दोघांनी मिळून जेमतेम सात चित्रपट काढले आणि सातही म्हापशाला लागले. ही गोष्ट ऐंशी-एक्याऐंशी सालची. गोवा मोकळा होऊन वीस वर्षं होत आली होती, आमच्या गावात वीज आली होती, आणि तरीही 'बिनचेहऱ्याचा मुनीम' बघून आल्यावर मी कित्येक दिवस दिवेलागणीनंतर परसात एकटा गेलो नाही. आईला सोबत न्यायचो. माझं वय तेव्हा सव्वीस होतं आणि मी सरळ सरळ नोकरदार माणूस होतो.

नोकरी डिचोलीच्या एका खाणीवर, हजेरी घ्यायची. माझा मित्र धाकू त्याच खाणीवर टिपर चालवायचा. तोही भार्गव-दिनकरचा भक्त. शनिवारी काम सुटलं की त्याच्या टिपरमधून आम्ही दोघं गावी यायचो. अंगभर लाल धूळ आणि तोंडात भार्गव-दिनकर. सातापासून तीनपर्यंतचे नंबर आम्ही बिनतक्रार लावून टाकले होते. भांडण होतं ते पहिल्याचं. धाकू म्हणायचा, 'आठवा खांदेकरी'. मी म्हणायचो, 'विहिरीतला कंदील'.

"अरे, तिरडी चाललीहा," धाकू स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी सांगायचा, "वाटेत खांदो बदलता. सात माणसां आमच्या वळखीची. आठवो कोण, ता कोणाकच म्हायत नाय. ह्याच्या फुडे तुझो कंदील काय रे?"

"आधी स्टिअरिंग धर. कंदिलाचो शेवट बघलंस मा तू?"

"बघलंय. म्हणानच दुसरो नंबर दितंय."

यावर मला पुढे बोलता यायचं नाही. कारण 'विहिरीतला कंदील' मी चार वेळा बघितला असला, तरी शेवट एकदाही बघितला नव्हता. गावाबाहेरच्या कोरड्या विहिरीत रोज संध्याकाळी कंदिलाचा उजेड दिसतो. कोण लावतं, कोणालाच ठाऊक नाही. शेवटी विहिरीवरचा दोर आपोआप हलायला लागतो आणि आतून कोणीतरी वर यायला लागतं. दोर हलला की मी टॉवेल तोंडावर घ्यायचो. टॉवेलाआडून कानांतही बोटं घालायचो, त्यामुळे काही ऐकू यायचं नाही. माझं म्हणणं एवढंच की, ज्या चित्रपटाचा शेवट बघायची छातीच होत नाही, त्याच्या वर दुसरा कुठला चित्रपट असणार? पण हे धाकूला सांगायची सोय नव्हती.

एका शनिवारी वाद इतका पेटला की धाकूने मला अर्ध्या वाटेत, भर उन्हात, टिपरमधून उतरवलं. मी मासळीच्या पाट्यांमध्ये बसून बसने घरी आलो. मग दोन आठवडे बोलाचाली बंद. मित्र गेला आणि फुकटचा प्रवासही गेला. शेवटी मीच तोड काढली.

"धाकू, आपण देवीक विचारूया."

तुम्ही हसाल. पण आमच्याकडे देवीला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. विहीर खणायची, देवीला विचारा. सोयरीक जुळवायची, देवीला विचारा. गुरव मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि आधी ज्या बाजूची पाकळी पडेल तो देवीचा निकाल. आमच्या शेजाऱ्याने म्हैस घ्यायच्या आधी कौल लावला होता. म्हशीचं चालतं तर चित्रपटाचं का चालू नये? उजवी पडली तर माझा कंदील, डावी पडली तर त्याचा खांदेकरी. धाकूला पटलं. देवीचा निकाल म्हटल्यावर पुढे अपील नाही.

आता एक गोष्ट मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, जी त्या दिवशी आमच्या दोघांच्याही डोक्यात आली नाही. मी वरच्या वाड्याचा आणि धाकू खालच्या वाड्याचा. जत्रेत आमच्या गावदेवीची, सातेरीची पालखी निघते तेव्हा पुढचा दांडा आधी कोणी धरायचा, या मानावरून या दोन वाड्यांत जुना तंटा होता. दोन्हीकडे डोकी फुटून झाली होती, कोर्टात तारखा पडून झाल्या होत्या, आणि मी शाळेत असल्यापासून पालखी देवळातून बाहेर निघालेली नव्हती. ज्याने त्याने दांडा सोडून हट्ट धरला होता. आणि जत्रा आठवड्यावर आली होती.

मंगळवारी दुपारी देवळात कोणी नसतं म्हणून आम्ही रजा काढून नेमके तेव्हा गेलो. गुरव सखाराम माडाच्या सावलीत पडला होता. आम्हा दोघांना एकत्र बघून तो ताडकन उठून बसला.

"कौल लावचो हा," मी म्हणालो.

"कशाचो?"

देवीच्या दारात 'पिक्चरचो' म्हणायला जीभ उचलेना. धाकूने सावरून घेतलं. "आमच्या दोगांत पयलो कोण, दुसरो कोण, असो वाद हा. बाकी आमी मनात धरतो. चालता मा?"

मनात धरून विचारायची रीतच आहे. सखारामने आमच्याकडे टक लावून बघितलं आणि धोतर झटकून उभा राहिला. "चालता. दोगांनीय नारळाक हात लावा."

पाकळ्या लागल्या. सखारामने गाऱ्हाणं सुरू केलं. "बा माय सातेरी, आज वरच्या वाड्याचो शिवदास आणि खालच्या वाड्याचो धाकू, दोघेय तुझ्या पायाकडे इलेहत. पयलो कोण आणि दुसरो कोण, असो वाद पडलोहा. ह्यो वाद तू आज कायमचो तोड, माय. फुडे कोणाच्या मनात अडी ठेव नको."

"व्हय म्हाराजा," आम्ही दोघं म्हणालो.

एवढं मनापासून गाऱ्हाणं! मला वाटलं, हाही भार्गव-दिनकरचा भक्त दिसतो.

पाकळी काही पडेना. गाभाऱ्यात समई तेवत होती आणि देवीचे चांदीचे डोळे सरळ माझ्याकडे बघत होते. ही आई गावाची राखण करते, आणि आपण तिला विहिरीतल्या कंदिलाचं विचारतोय. नारळ टाकून पळून जावं, असं मनात आलं. तेवढ्यात उजवी पाकळी सुटली आणि अलगद खाली आली.

धाकूचं तोंड उतरलं. मी जिंकलो. सखाराम मात्र रडत होता. धोतराच्या सोग्याने डोळे पुसत म्हणाला, "बाबांनो, बरा केलास. म्हाताऱ्यांका जमला नाय ता तुमी केलास."

म्हाताऱ्यांना चित्रपटातलं काय कळतंय, असं म्हणून आम्ही घरी आलो.

चहा पितोय तोच वाड्यावर फटाके वाजले. बघतो तर आमच्या अंगणात अख्खा वरचा वाडा, आणि पुढे पांडुरंगकाका. पांडुरंगकाका म्हणजे आमच्या वाड्याचे मानकरी. आजवर त्यांनी माझ्याशी बोलायला तोंड उघडलं होतं ते फक्त शिव्या द्यायला. त्यांनी मला उराशी धरलं.

"झिला, तू कूळ उजळलंस! देवीन आमकां पयलो मान दिल्यान. सखारामान सगळा सांगल्यान. खालच्या वाड्याचो माणूस सोबत घेवन, नारळाक हात लावन कौल घेतलंस. आता कोर्ट बी काय करतला?"

माझ्या हातातला कप तिरका झाला आणि चहा पायावर सांडला. भाजल्याचंही मला कळलं नाही.

आता बघा माझी अवस्था. खरं सांगावं, तर पांडुरंगकाका मला तिथेच आडवा करणार. देवीला चित्रपटाचं विचारलं म्हणून गाव वाळीत टाकणार ते वेगळंच. गप्प बसावं, तर खालचा वाडा काठ्या घेऊन येणार. खालच्या वाड्याचे मानकरी कृष्णनाथकाका. पोर्तुगीज गेले तरी त्यांच्या मिशांनी अधिकार सोडलेला नव्हता. ते नुसते खाकरले तरी रस्त्यावरची कुत्री बाजूला व्हायची.

धाकू मागच्या दाराने आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"शिवा, माका घरात घेनत नाय. म्हणतत, आमचो मान घालवलंस. मी काय सांगू?"

"काय सांगू नको."

"आणि तू?"

"मीय काय सांगूचंय नाय."

"मगे काय करूया?"

"भिऊया," मी म्हणालो. दुसरं सुचलंच नाही.

सकाळी कृष्णनाथकाका आमच्या अंगणात आले. मी भाताच्या कणगीमागे जाऊन बसलो. आईने सांगितलं, शिवदास घरात नाही. पण ते माझ्याकडे आलेच नव्हते. पांडुरंगकाका आमच्या ओसरीवर होते, त्यांच्यासमोर ते उभे राहिले. काठी नाही, सोबत माणूस नाही. मी कणगीआडून डोकावत पहिला तडाखा पडायची वाट बघत होतो.

"पांडुरंग," ते म्हणाले, "माझे आयेन पालखीची वाट बघीत डोळे मिटल्यान. माका तसा जावचा नाय. देवीन दिल्यान ता दिल्यान. पयलो मान तुमचो. पालखी भायर पडांदे."

एवढं बोलून ते वळले. पांडुरंगकाका ओसरीवरून त्यांच्या पाठीकडे बघत राहिले.

कणगीमागे माझं पाणी पाणी झालं. काठ्या चालल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं. पण हा एवढा ताठ म्हातारा आपला मान सोडून गेला होता, तो कशापायी? एका कोरड्या विहिरीपायी! माणसांची भीती होती तोवर पळायला वाट होती. आता भीती देवीची. तिच्यापासून पळून माणूस जाणार कुठे? केरीच्या समुद्रापर्यंत गेलं तरी तिकडेही तिची बहीण बसलेली.

त्या दिवसापासून मला सगळीकडे देवीचा कोप दिसायला लागला. कौलाचा नारळ आईने फोडला तो नासका निघाला. ताटात बसलो की पाल चुकचुकायची. खाणीवर हजेरी घेताना एकाने 'हजर' म्हटलं, ते मला वर बघेपर्यंत बाईच्या आवाजात ऐकू आलं. वर बघितलं तर खरंच बाई होती, पण तोवर माझी शाई सांडली होती. धाकूचा टिपर देवळासमोरच पंक्चर झाला. चाक बदललं, तर दुसरं झालं. तो रस्त्यातच साष्टांग आडवा पडला.

"शिवा, आपल्या पिक्चरांत बी इतक्या जावक नाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी पालखी उचलून बघायला देवळात गाव जमला. दोन्ही वाडे समोरासमोर, आणि मध्ये पालखी. पुसून लख्ख केलेली. म्हाताऱ्या बायका तिच्या दांड्यावरून हात फिरवत होत्या. मी खांबाआड होतो. तिथून पांडुरंगकाकांनी मला बखोट धरून पुढे काढलं.

"देवीन ज्याच्या हातान कौल दिल्यान, पयलो दांडो तोच धरतलो. शिवदास, लाव हात."

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. कृष्णनाथकाका मान खाली घालून उभे होते. आतून चांदीचे डोळे. मी दांड्याला हात लावला, आणि शपथेवर सांगतो, दांडा हलायला लागला. थेट विहिरीवरच्या दोरासारखा. माझेच हात कापतायत हे मला नंतर कळलं. टॉवेल घरी राहिला होता.

"मी मानाचा विचारूक नाय!" मी ओरडलो. "आमी पिक्चरचा विचारलंव!"

दांड्यावरून फिरणारे म्हाताऱ्या बायकांचे हात थांबले.

"कसलो पिक्चर?" पांडुरंगकाका.

"भार्गव-दिनकरचो. पयलो नंबर कोणाचो, ता. मी म्हणलंय 'विहिरीतला कंदील', धाकू म्हणता 'आठवा खांदेकरी'."

"खराच," धाकू गर्दीतून रडवेल्या आवाजात म्हणाला. "माझो डावो होतो."

पांडुरंगकाकांचा हात वर गेला. मी डोळे मिटले. या कामाची मला सवय होती. पण गालावर काही येईना. डोळे किलकिले केले, तर काकांचा हात हवेतच राहिलेला, आणि ते कृष्णनाथकाकांकडे बघत होते. अंगणात येऊन मान देऊन गेलेल्या माणसाकडे. देवीने न दिलेला मान आपण फटाके लावून घेतला, हे त्यांच्या चेहऱ्यावर चढत गेलेलं सगळ्यांना दिसलं.

"कृष्णनाथ," ते म्हणाले, "पयलो दांडो तू धर."

"मी सोडलंय तो सोडलंय. तू धर."

"मी सांगतंय मा, तू धर."

"मी काय भिकारी हंय? तू धर."

बघता बघता आवाज चढले. दोन्ही वाडे पुढे सरकले. इतकी वर्षं 'मी पहिला' म्हणून भांडणारा गाव 'तू पहिला' म्हणून एकमेकांच्या अंगावर जायला निघाला. वरच्या वाड्याच्या एकाने खालच्याला दांड्याकडे ढकललं, त्याने त्याला उलट ढकललं, आणि पालखी मध्येच डुलायला लागली.

"थांबा रे, रवा!" सखाराम गुरव गरजला. एवढा आवाज त्याच्यात आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. "दांड्याक दोन बाजू असतत. एक उजवी, एक डावी. एकान हंयसून धरा, एकान थंयसून. आणि आता जो बोलात, त्येचा नाव घालून मी गाऱ्हाणा घालतंय."

गाऱ्हाण्याच्या भीतीने दोघांनीही निमूट दांडा धरला. पालखी उचलली गेली. म्हाताऱ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले आणि मला खरंच हुंदका आला. मी हळूच दाराकडे सरकत होतो.

"ए, खंय चल्लंस?" कृष्णनाथकाका खाकरले. मी जागच्या जागी. "देवीक पिक्चर विचारलंस, त्याचो दंड कोणी भरूचो?"

"देवीन कौल खोटो दिवक नाय," सखाराम विचार करून म्हणाला. "जा विचारलास, ताच सांगल्यान. म्हणजे तो विहिरीचो पिक्चर देवीच्या पसंतीचो झालो."

"मगे तो गावान बघूक व्हयो," पांडुरंगकाका म्हणाले. "उद्या जत्रेक दोगांनी तो हाडूचो. हो तुमचो दंड. आणि शिवदासान पयल्या कदेलार बसूचा. देवीन तेका पयलो नंबर दिल्यान मा?"

गावाने मान डोलावली. कोणाला काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते एकट्या मला.

दुसऱ्या दिवशी धाकूच्या टिपरमधून म्हापशाहून रिळांच्या पेट्या आल्या. देवळासमोर पांढरा पडदा ताणला. पुढे तीन कदेलं, म्हणजे खुर्च्या. एका बाजूला पांडुरंगकाका, दुसऱ्या बाजूला कृष्णनाथकाका, आणि मधल्या कदेलावर गळ्यात अबोलीचा हार घातलेला मी. टॉवेल मी आठवणीने आणला होता. पण सखारामने येता येता सांगितलं, "देवीचो मान हा. डोळे मिटूचे नाय हां." आणि टॉवेल घेऊन गेला.

सिनेमा सुरू झाला. मागे पोरं किंचाळत होती, बायका देवाची नावं घेत होत्या. आणि मग तो दोर हलायला लागला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. डाव्या हाताखाली खुर्चीचा हात होता, उजव्या हाताखाली कृष्णनाथकाकांचा. त्यांचा हात बर्फासारखा गार होता आणि ते माझी बोटं पिळत होते. पाठीमागून देवीचे डोळे. मी डोळे मिटले नाहीत. दोर हलला, कंदील वर आला, कंदिलामागून एक डोकं वर आलं.

जावई होता. घरजावई. सासऱ्याच्या धाकाने बिचारा रोज संध्याकाळी कोरड्या विहिरीत उतरून विड्या ओढत होता, आणि कंदील होता तो विडी पेटवायला. वर येऊन तो काठावर बसला आणि आपण असं का केलं यावर त्याने जे भाषण सुरू केलं, ते रीळ संपलं तरी संपेना. रीळ बदललं तर पुढच्या रिळातही तो बोलतच होता.

म्हणजे चार वेळा मी टॉवेलखाली ज्याला घाबरलो, तो माझ्यासारखाच वडीलधाऱ्यांना भिणारा एक गडी होता. आणि भर जत्रेत, गळ्यात हार घालून, मला साक्षात्कार झाला की धाकू बरोबर होता. 'आठवा खांदेकरी' पहिला. कंदील फार तर चौथा.

दिवे लागले. कृष्णनाथकाकांनी माझा हात सोडला, इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, "शिवदास, विहिरीतसून भायर कोण इलो रे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मिशा ओल्या होत्या. दोर हलल्यापासून म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटून घेतले होते. भाषण कानावर पडलं असेल, पण भीतीने आत शिरलं नव्हतं.

"काका," मी म्हणालो, "सांगण्यासारखा नाय."

त्यांनी ओल्या मिशा पुसल्या. मग समाधानाने मान हलवून म्हणाले, "देवी उगीच कोणाक पयलो नंबर दियत नाय."

तेव्हापासून आमच्या गावात पालखी दरवर्षी निघते, दोन्ही वाडे एकदम दांडा धरतात, आणि 'विहिरीतला कंदील' हा भार्गव-दिनकरचा सर्वश्रेष्ठ चित्रपट आहे, यावर गावाचं एकमत आहे. मीही तेच सांगतो. देवीच्या निकालावर बोलायची माझी छाती नाही. तुम्ही आता खरं ऐकलंच आहे, तर एवढं करा, धाकू कुठे भेटला तर त्याला काही बोलू नका. तो अजून मला टिपरमधून फुकट नेतो.